दसऱ्याचं तेल

अकोल्याला आमचं गॅस कटिंगचं दुकान आहे. जुन्या ट्रॉल्या, भंगारातल्या ट्रकचे सांगाडे कापायचे. माझं माहेर वलगावचं, भाजीवाल्याचं. लोखंडाशी संबंध विळ्यापुरता. पण दुकानात बसून बसून शिकले, बाप्पा. रेग्युलेटर म्हणजे ऑक्सिजनच्या सिलिंडरच्या, आमच्या भाषेत बाटल्याच्या, गळ्यात बसणारा पितळी नळच समजा. त्याला घड्याळासारखे दोन गेज. एक सांगतो बाटल्यात दाब किती, दुसरा सांगतो नळीत किती सोडला. बाटला उघडायला अन् बंद करायला लोखंडी चावी, तीही दुकानात एकच. ऑक्सिजनला तेल म्हणजे बारुदाला काडी, हे तिथं कामाला येणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगतात. सासूबाई मात्र यायच्या फक्त दसऱ्याला.

मी बाहेर झेंडूचं तोरण ओवत होते. आत लाल कापडावर हातोडे, पाने, रेग्युलेटर, सगळं पूजेला मांडलेलं. शेतातले विळे-कुऱ्हाडी जन्मभर तेल लावूनच पुजलेली बाई ती. तिनं याही हत्यारांना लावलं. रेग्युलेटरच्या तोंडात तर, लेकराच्या कानात घालतात तसे, दोन थेंब सोडले. कोणाच्या ध्यानात आलं नाही.

पूजा झाली. पहिली ज्योत लावायचा मान मालकाचा. आमच्या ह्यांनी रेग्युलेटर बसवलं अन् चावी फिरवली.

आवाज मला आठवत नाही, छातीत बसलेला दणका आठवतो. रेग्युलेटर पेटून फुटलं. ह्यांना दाराशी फेकलं, गेजची काच गालात घुसली, हाताची कातडी मोज्यासारखी सुटून लोंबत होती. चावी उडून पडली. बाटल्यातून ऑक्सिजन सूं सूं सुटून राहिला होता, अन् त्या वाऱ्यानं पूजेचं कापड, गोणपाट, सगळं भडकलं. हातभर अंतरावर दुसरा बाटला, जळणाऱ्या गॅसचा. तो तापून फुटला असता, तर दुकानासकट आम्ही सगळेच गेलो असतो.

आमचा कटर मिस्त्री धावला. "चावी! चावी द्या आधी!"

चावी उचलली होती भासऱ्यांनी, ह्यांच्या थोरल्या भावानं. डोळ्यांत नुसतं रक्त. "सामान तुह्या ताब्यात असते ना बे? माह्या भावाले जाळलं तूनं!" अन् तीच चावी त्याच्या खांद्यात हाणली. हाड वाजलेलं मी ऐकलं.

"मंग मारा, भाऊ! पयले बाटला बंद करू द्या!"

दुसरा घाव तोंडावर. दात फरशीवर पडले. मी भासऱ्यांचा दंड धरला, तर त्यांनी मला झटकून भिंतीवर आपटलं. आग दुसऱ्या बाटल्याला चाटत होती. तिसरा घाव मिस्त्रीच्या डोक्यावर उचलला, तशी सासूबाई मधात घुसली.

"मी लावलं रे तेल! मले मार!"

हात खाली येतच होता, थांबला नाही. बांगड्या फुटल्या, मनगट मोडलं, म्हातारी खाली बसली. भासऱ्यांच्या हातून चावी गळाली.

ती मिस्त्रीनं उचलली. तोंडातून रक्ताची धार, एक हात लोंबता. मी म्हटलं, आता भासऱ्यांचं डोकं फुटते. त्यांनाही तेच वाटलं असणार. दोन्ही हात डोक्यावर घेऊन ते वाकले.

मिस्त्री त्यांच्या बाजूनं सरळ आगीत शिरला. चावी लावली, फिरवली. सूं सूं थांबलं. मग मी बादल्या ओतल्या, ओल्या पोत्यांनी आग झोडपली.

विझल्यावर त्यानं चावी खिशात टाकली, रक्त थुंकलं. "आता बोला, भाऊ."

भासऱ्यांचे हात अजून डोक्यावरच होते.