आईची बसायची वेळ

माझी आई मिसरी लावायची. तंबाखू तव्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, कुटायचा आणि ती पूड बोटानं दातांवर घासत बसायचं. आमच्या माकणीकडच्या गावांत याला कुणी व्यसन म्हणत नाही. व्यसन म्हणजे दारू, आणि ते पुरुषांचं.

घरामागं न्हाणीजवळ एक दगड आहे. सकाळचा स्वयंपाक उरकला की आई तिथं बसायची, दुपारी जेवणं झाली की पुन्हा. बोट तोंडात असल्यावर बोलता येत नाही. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हाक मारली तरी ती नुसती 'हूं' करायची. मग हाक मारणाराच म्हणायचा, ती मिसरी लावायलीय, येईल नंतर. आईसाठी आमचं घर थांबायचं ते तेवढ्या वेळापुरतं.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. लोहाऱ्याच्या शाळेत जाण्यासाठी मला रोज जीपमध्ये बसवून देणारी, मुलीला एवढं कशाला शिकवायचं म्हणणाऱ्या अण्णांना गप्प करणारी आईच. तिच्यामुळं मी विज्ञान शिकले आणि लोहाऱ्यातच शिक्षिका झाले. निकोटीन म्हणजे काय ते मी वर्गात फळ्यावर लिहून शिकवायचे आणि सुट्टीत घरी आले की त्याच दगडाशेजारी बसून वह्या तपासायचे.

एकदा जेवताना तिखट झोंबलं म्हणून आईनं ताट बाजूला सारलं. तिच्या गालाच्या आत, मिसरी साठायची तिथं, पांढरा चट्टा दिसला. मी तिला धाराशिवला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हा कॅन्सर नाही, पण मिसरी चालू राहिली तर होऊ शकतो. चट्ट्यावर लक्ष ठेवायला त्यांनी पुन्हा यायला सांगितलं आणि तंबाखू सोडण्यासाठी मदत करणाऱ्या समुपदेशक बाईंकडे पाठवलं.

आई दारातच अडून बसली. "मी काय दारू पिते व्हय? मिसरीच हाय."

बाईंनी तिला उपदेश केला नाही. दिवसात तलफ कधी येते, एवढंच विचारलं.

आई म्हणाली, "सैपाक झाला की, अन् जेवणं झाली की. तवा मला कुणी कामाला लावत न्हाय बघा."

बाईंनी मग नीट समजावलं. इतक्या वर्षांत शरीराला निकोटीन लागायला लागलंय, ते बंद झालं की सुरुवातीला डोकं दुखेल, चिडचिड होईल, झोप लागणार नाही, पण ते ओसरत जातं. चघळायला निकोटीनचं च्युइंगम दिलं. मला म्हणाल्या, त्यांची दगडावर बसायची वेळ मोडू नका, बडीशेप देऊन तशाच बसू द्या. आणि मध्येच पुन्हा लावली तर लाजू नका, परत या, पुष्कळांचं तसं होतं.

मी मान हलवली. घरी येऊन मिसरीचा डबा उकिरड्यावर ओतला आणि मला वाटलं, काम झालं. आई कशावरूनही चिडायला लागली. अण्णा म्हणायचे, "मिसरी सुटली, पर तोंड लई चालायलंय." आम्ही हसायचो, तीही हसायची.

बसायची वेळ मात्र कुणाच्या ध्यानात राहिली नाही. तोंड मोकळं असल्यानं तिला ओ देता येत होती, आणि ओ दिली की उठावं लागत होतं. चहा टाक, वैरण बघ, नातू रडतोय त्याला घे. तो दगड रिकामाच दिसायचा.

काही महिन्यांनी ती गोठ्यामागं लपून मिसरी लावताना माझ्या वहिनीला दिसली. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. बाळंतपणानंतर दाढ दुखत होती तेव्हा आईनंच तिला मिसरी दिली होती, आणि आता तिचीही सुटत नव्हती. मला हे उशिरा कळलं. मी आईला नको तेवढं बोलले. ती खाली मान घालून ऐकत राहिली. परत बाईंकडे जाऊ म्हटलं तर म्हणाली, "त्यांना काय सांगू गं मी?" मलाही तिला घेऊन तिथं जायचा संकोच वाटला. चट्टा दाखवायला जायचंही त्यातच राहून गेलं.

पुढं चट्ट्याची जखम झाली. मिसरीनं ती जागा बधिर व्हायची, म्हणून दुखलं की आई नेमकी तिथंच मिसरी दाबून धरायची. तिला त्यानंच आराम पडतो असं घरात सगळ्यांना वाटत होतं. कानापर्यंत कळा जायला लागल्या तेव्हा कुठं आम्ही सोलापूरला गेलो. तुकडा काढून तपासला, तर कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये गालाचा आणि जबड्याचा काही भाग काढावा लागला.

ऑपरेशनच्या आधी मी आईला त्या समुपदेशक बाईंकडे घेऊन गेले होते. बाई रागावल्या नाहीत. "आलात ते बरं झालं," एवढंच म्हणाल्या. हे ऐकायला आम्ही इतके महिने घाबरत होतो.

आता आईची मिसरी पूर्ण सुटलीय. भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागते. तिचं बोलणं चटकन कळत नाही, म्हणून घरात तिला फारशी कुणी हाक मारत नाही. आता दिवसभर दगडावर बसली तरी चालतं. मी रविवारी गेले की ती तिथंच असते, आणि तिला तसं निवांत बसलेलं मला बघवत नाही.

वहिनी आता बाईंकडे जाते. मागच्या रविवारी जेवणं झाल्यावर ती बडीशेप घेऊन आईशेजारी टेकली. तेवढ्यात अण्णांनी चहासाठी हाक मारली. वहिनी उठायला लागली, तर आईनं तिचा हात धरला आणि काहीतरी म्हणाली. अण्णांना कळलं नाही. ते मागच्या दारात आले.

आईनं एकेक शब्द सोडवत पुन्हा सांगितलं, "अवो, बसू द्या तिला."

अण्णा मागं वळून आत गेले. चहाचं पातेलं कुठं असतं ते त्यांना माहीत नव्हतं. बराच वेळ आतून भांड्यांचा आवाज येत राहिला.