अर्जातलं गुरूचं नाव

वकिली सुरू करून मला जेमतेम दोन वर्षं झाली होती, तेव्हा धुळ्याला देवपुरातल्या आमच्या घरी एक नाना आले आणि म्हणाले, "ताई, सरकारनी माले मारी टाकं." समोर धडधाकट माणूस, बशीतला चहा भुरके मारत पिणारा!

नाना जवळच्या खेड्यातल्या वहीगायनाच्या फडाचे म्होरके. डफावर गायची ही आमच्या खानदेशातली कला. फडातली पोरं एकेक करून कामासाठी सुरतेला निघाली होती. सरकारी अनुदान मिळालं, तर नाना गावातच शिकवणी सुरू करणार होते. नाही तर फड त्यांच्याबरोबरच संपणार होता. आणि अनुदान समितीनं त्यांच्या अर्जावर शेरा मारला होता, 'अर्जदार मयत.'

त्यांच्या फडाची रीत अशी, की गाण्याच्या शेवटच्या ओळीत गाणारा स्वतःचं नव्हे, गुरूचं नाव घेतो. नानांनी अर्जातही 'कलावंताचे नाव' या रकान्यात तेच लिहिलं. समितीनं ग्रामसेवकाला विचारलं, त्यानं खरं ते कळवलं. गुरू जाऊन कैक वर्षं झाली होती. नानांना मात्र कोणी विचारलंच नाही.

मला संताप आला, आणि खरं सांगायचं तर मोठी केस मिळाली म्हणून आनंदही झाला. औरंगाबादला हायकोर्टात रिट दाखल केली. न्यायमूर्ती म्हणाले, कुणाचं गाणं चांगलं हे ठरवायला आम्ही बसलेलो नाही. पण माणसाचं म्हणणं न ऐकता त्याचा अर्ज फेटाळता येणार नाही. निर्णय रद्द, अर्जदाराला बोलावून पुन्हा ऐका. मी हवेतच! परतीच्या एसटीत नानांना माझा इंग्रजीतला युक्तिवाद मराठीत ऐकवला, "अडाणी माणसाची साधी चूक, असं मी ठासून सांगितलं." नानांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मला वाटलं, दमले असतील.

फेरसुनावणीला समितीचे साहेब भले निघाले. म्हणाले, "हे नाव खोडा, तुमचं लिहा, सही करा. अनुदान मंजूर." नानांनी पेन खाली ठेवलं.

"नाना, खोडा ना!" मी दबक्या आवाजात डाफरले.

"ताई, तुमीन चूक सांगी, मी आयकी लिधं. पन ती चूक नव्हती. गाणं त्यासनं शे," नानांनी गुरूच्या नावावर बोट ठेवलं, "मी नुसता म्हणस."

माझे कान तापले. ज्यांची बाजू मांडायला गेले, त्यांनाच मी भर कोर्टात अडाणी ठरवून आले होते. मी उठून उभी राहिले. "साहेब, हायकोर्टात मी चुकीचं बोलले. ही यांची रीत आहे. वरचं नाव राहू द्या, खाली नानांचं लिहून घ्या."

"रकाना एकच आहे, मॅडम."

"मग आखा की दुसरा!"

साहेब हसले आणि शिपायाला पट्टी आणायला सांगितली. नानांनी नव्या रकान्यात एकेक अक्षर जोडत स्वतःचं नाव लिहिलं आणि सही केली. साहेबांनी 'मंजूर'चा शिक्का मारला. बाहेर पायऱ्यांवर नानांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मी, हायकोर्ट जिंकून आलेली वकीलबाई, भर दुपारी कचेरीच्या दारात रडले.