चीनचा लीनबुवा

बोरीला एक खडा मारावा आणि धोतराचा सोगा भरून बोरं पडावीत, तसं आमचं होतं. हिंगोलीच्या बाजारात युसूफच्या बांगड्यांच्या दुकानी आम्ही जमलो, की कुणीतरी सहज म्हणतं, "लिन आत्ता काय करत असंल रे?" झालं! चहा गार होतो, गिऱ्हाईक ताटकळतं, आणि आम्ही तिघं म्हातारे पोरांसारखे खिदळत बसतो.

तिघं म्हणजे डोंगरकड्याचा मी, साखऱ्याचा दिगंबर आणि हा हिंगोलीचा युसूफ. लढाईच्या काळात आम्ही हैदराबादला कॉलेजात होतो, होस्टेलच्या एकाच खोलीत. चौथी खाट रिकामी होती. एक दिवस वॉर्डनसाहेब एका पिवळसर गोऱ्या, बारीक डोळ्यांच्या पोराला घेऊन आले. "ये चीन से आए हैं. तारीख़ पढ़ेंगे." तारीख म्हणजे इतिहास.

दिगंबर घाबरला. "आता ह्याच्यासंग बोलावं कोन्या भाषेत?"

तेवढ्यात तो पोरगा कमरेत वाकून म्हणाला, "आदाब अर्ज़ है. नाचीज़ को लिन कहते हैं."

दिगंबर माझ्या कानात पुटपुटला, "नाव काय म्हनला? नाचीज, का लिन?"

* * *

आमच्या विद्यापीठात सगळं उर्दूतून शिकवत. लिन ही भाषा पुस्तकातून शिकून आलेला, नुक्त्यासकट! आमची उर्दू हिंगोलीच्या बाजारातली. 'नक्को', 'हौ', 'कायकू', एवढ्यावर आमचा संसार चालायचा.

एकदा युसूफ वर्गात उशिरा आला. प्रोफेसरसाहेबांनी कारण विचारलं. युसूफ म्हणाला, "सैकल पंचर हो गई ना साब! कायकू देरी करतूं मैं?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग लिनकडे बोट दाखवून म्हणाले, "इस जमात में उर्दू सिर्फ़ चीन को आती है!"

युसूफ कितीतरी दिवस फुगून होता. "आमच्या सात पिढ्या उर्दू बोलत आल्या," असं प्रत्येकाला सांगत सुटायचा. सांगायचा मात्र मराठीत!

* * *

उन्हाळ्याची सुट्टी लागली. सगळे ट्रंका बांधत होते, आणि लिन आपली गादी झटकत बसला होता. झटकलेलीच गादी परत झटकायचा. त्याच्या मुलखात जपान्यांची बॉम्बफेक चाललेली, आईची काही खबर नाही. तो बोलायचा नाही, पण मला ते बघवेना. म्हणालो, "चल डोंगरकड्याला."

युसूफ आदल्या दिवशीच घरी गेला होता. हिंगोली स्टेशनापाशी उत्तरेकडच्या एका हलवायाचं हॉटेल होतं, तिथं चहा पिताना त्यानं सहज सांगितलं, "कल की गाड़ी से चीनी आ रहा है."

आता लढाईमुळं साखर गायब झालेली, आणि उत्तरेकडची माणसं साखरेला म्हणतात चीनी. हलवाई ताडकन उठला. "कितना?"

"एकच."

"एक बोरा भी बहुत है!" दक्खनची माणसं 'आ रही है'चं 'आ रहा है' करायचीच, असं समजून त्यानं ते मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही उतरलो, तर प्लॅटफॉर्मवर हलवाई, त्याचा भाऊ आणि एक हातगाडी! युसूफनं लिनला मिठी मारून मोठ्यानं सांगितलं, "यही है अपना चीनी!"

हलवायानं लिनला टोपीपासून बुटापर्यंत पाहिलं. सुस्कारा सोडला. म्हणाला, "अब इसको घोलूँ किसमें?"

लिनला त्यानं गुळाचा चहा पाजला. लिनची ट्रंक मात्र हातगाडीवर चढवून मोटारीपर्यंत पोचवली. गाडी रिकामी न्यायला त्याचं मन होईना!

* * *

कळमनुरीपर्यंत मोटार, पुढं बैलगाडी. घरी पोचलो. मायनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि विचारलं, "नाव काय म्हनावं पाव्हण्याचं?"

"लिन."

"लीन? देवाच्या पायी लीन? अगं बाई, ह्ये तर बुवाचं नाव हाय!"

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की चीनहून कुणी लीनबुवा येऊन राहिले. शेजारची सखूआत्या दर्शनाला आली आणि लिनच्या पाया पडली. लिन गोंधळला. त्याच्या मुलखाची रीत अशी, की वडीलधाऱ्यांनी वाकायचंच नाही, आणि वाकले तर आपण त्यांच्याहून खाली वाकायचं. तो आत्याच्या पाया पडला. बुवा आपल्या पाया पडला म्हणून आत्या हादरली, आणि परत पडली. लिन त्याहून खाली वाकला.

शेवटी मायनं ओसरीवर येऊन दोघांना सोडवलं. "पुरं करा की! अशानं जमिनीत जासाल!"

* * *

जेवणाला ज्वारीची भाकर आणि ठेचा. आमच्या काकांनी मला डोळा घातला. परगावचा पाहुणा पहिल्या घासाला कसा उड्या मारतो हे बघायची त्यांना फार हौस. त्यांनी मुद्दाम लिनच्या ताटात ठेच्याचा गोळा वाढला.

लिननं तो शांतपणे संपवला आणि अदबीनं विचारलं, "इससे ज़रा तेज़ भी होगा?"

तो सेचवानचा. तिकडं म्हणे लेकराला दात यायच्या आधी मिरची येते! काका पेटले. "आण गं ती लवंगी!" मग दोघं समोरासमोर बसले. लिनच्या कपाळावर घाम आला, एवढंच. काकांना अशी उचकी लागली, की दुसऱ्या दिवशी ते कुणाला दिसलेच नाहीत. दिसले तेव्हा एकच बोलले, "पोरगं खानदानी हाय."

* * *

साखऱ्याला दिगंबरच्या घरी गेलो, तर अख्खा पार लिनला बघायला जमला. कोरडवाहू मुलूख, उन्हाळ्यात हाताला काम नाही. एका म्हाताऱ्या कास्तकारानं विचारलं, "तुमचा मुलूख उगवतीला हाय म्हंतेत. मंग सूर्य पैला तुमच्याकडं उगवत असंल?"

"जी हाँ," लिन म्हणाला. दिगंबरनं मराठी करून सांगितलं.

"म्हंजे दिवस आदी तिकडं निघतो, मंग हिकडं येतो. बराबर?"

"बराबर."

म्हातारा पुढं सरकला, आवाज खाली आणला. "मंग उद्याचा कापसाचा भाव तेवढा सांगून ठेवा की!"

* * *

लिननं बांबू तासून जेवायच्या दोन काड्या केल्या होत्या. भात असला की त्या बाहेर काढायचा. माय म्हणायची, "देवानं पाच बोटं दिली, तर हा दोनच वापरून राहिला!"

एकदा दुपारी जळणाच्या ढिगातून विंचू निघाला, काळा, बोटाएवढा लांब. माय किंचाळली. मी पायतान शोधतोय, काका काठी शोधतायत. लिन आला, खाली बसला, ओठांत काहीतरी पुटपुटला आणि काड्यांनी विंचू नांगीपाशी असा चिमटला, जशी ताटातली शेंग उचलावी! परसातून लांब नेऊन बांधापलीकडं सोडून आला.

मग काय! कुणाच्याही घरात विंचू निघो, "लीनबुवाला बलवा!" लिन खिशात काड्या घेऊनच फिरू लागला.

गावात विंचू उतरवणारा एक मांत्रिक होता. त्याची झोप उडाली. एक दिवस तो मला आणि लिनला गोठ्याआड घेऊन गेला. "बुवा, विंचू धरताना तुमी जो मंतर म्हंता, त्यो मला द्या. मी कुनाला सांगनार न्हाई."

मी लिनला विचारलं, की तू काय पुटपुटतोस? लिन लाजला. उर्दूतच म्हणाला, "काही नाही. काड्या निसटतात ना, म्हणून बोटांना सांगतो, पाडू नका, पाडू नका. आमच्या भाषेत. ब्ये त्याव, ब्ये त्याव."

मी मांत्रिकाला अर्थसुद्धा सांगितला. त्यानं ऐकलाच नाही! पुढं कितीतरी वर्षं डोंगरकड्यात कुणाला विंचू चावला, की तो राखेची चिमूट धरून डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "ब्ये त्याव! ब्ये त्याव!"

आणि लोक म्हणायचे, जुन्यापेक्षा ह्या मंत्रानं लवकर उतरतो!

* * *

हसण्यावारी न्यायचा नाही असाही एक दिवस आला. कुणीतरी चुगली केली, की डोंगरकड्यात जपानी हेर लपलाय. पोलिसांचे अमीनसाहेब दोन शिपाई घेऊन दारात! लिनचे कागद राहिले हैदराबादला, होस्टेलात. मी सांगत होतो, भेटायला आलेला युसूफ सांगत होता; अमीन ऐकेनात.

"ये जापानी है. इसको हिंगोली के थाने ले जाना पड़ेगा."

जपानी म्हटल्यावर लिनचा चेहरा पांढरा पडला. ज्यांनी त्याचं गाव जाळलं, त्यांचंच नाव त्याला लावलं होतं! एक शिपाई पुढं झाला आणि त्यानं लिनचा दंड धरला.

तेवढ्यात माय चुलीपासून उठून आली, पिठाच्या हातानं. शिपायाचा हात तिनं झटकला. "सोड त्याला! लेकरू हाय माझं."

अमीन चमकले. "आपका बेटा?"

"व्हय."

"बड़ी बी, ज़रा शकल तो देखिए! आँखें देखिए, नाक देखिए!"

माय लिनकडं वळली. नीट पाहिलं. मग अमीनसाहेबांकडं बघून ठणकावून म्हणाली, "नाक आजावर गेलंय त्याचं!"

अमीनसाहेबांनी तोंड फिरवलं. पाठ हलत होती. वळले तेव्हा डोळे पुसत होते. ओसरीवर टेकले आणि चहा प्याले. निघताना म्हणाले, "कागद मँगवा लीजिए, अम्मा. तब तक आपका बेटा आपके पास."

लिन त्या रात्री भाकर खाईना. माय त्याच्याजवळ बसून राहिली. मराठीतच काहीबाही सांगत होती. त्याला मराठी येत नव्हती, पण तो मान हलवत होता.

* * *

लढाई संपली. लिनची परीक्षा झाली. आणि एक दिवस तार आली, की त्याची आई सुखरूप आहे! तार हातात घेऊन तो होस्टेलच्या जिन्यात बसला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "वालिदा ज़िंदा हैं" सांगत राहिला. झाडूवाल्यापासून प्रोफेसरापर्यंत सगळ्यांना.

जायच्या आधी तो डोंगरकड्याला आला. मायजवळ चुलीपुढं बसून भाकर थापायला शिकला. आईला करून घालायची म्हणे! त्याच्या भाकरीचा नकाशा व्हायचा, पण शिकला.

निरोप द्यायला माय हिंगोली स्टेशनावर आली. जन्मात पहिल्यांदा. दिगंबर, युसूफ, काका, सगळे होतो. गार्डानं शिट्टी दिली. माय डब्याच्या खिडकीपाशी गेली, तिनं लिनच्या डोक्यावर हात ठेवला आणि स्पष्ट, मोठ्या आवाजात चिनी भाषेतले तीन शब्द बोलली.

आम्ही थक्क! लिनचे बारीक डोळे केवढे तरी मोठे झाले. आणि मग तो हसायला लागला. असा हसला, असा हसला, की बाकावरून खाली घसरला! परत खिडकीत आला तेव्हा गालांवरून पाणी वाहत होतं. त्यानं मायचा हात कपाळाला लावला आणि तेच तीन शब्द तिला परत म्हणाला. गाडी हलली.

"लिन, अरे काय म्हणाली ती?" युसूफ गाडीबरोबर पळत ओरडला. लिननं नुसते हात जोडले. हसू आवरत नव्हतं त्याला.

आम्ही मायला घेरलं. "माय, तू काय म्हनलीस त्याला?"

"आशीर्वाद दिला," माय पदरानं डोळे पुसत म्हणाली. "त्याच्या देवाचं नाव हाय त्ये. भाकर टाकताना तव्याचा चटका बसला, की लेकरू पैलं त्येच घेतंय!"