विहिरीऐवजी एसटी स्टँड

गाडीच्या एसीचं काम व्हायला दोन तास लागणार होते. शनिवारची सुट्टी होती. इथे आखातात, शुवैखमधल्या त्या गॅरेजला लागूनच स्पेअर पार्टचं दुकान आहे, तिथे मी खुर्ची मागून घेतली आणि बरोबर आणलेली जाडजूड रशियन कादंबरी उघडली. मराठी अनुवाद. क्रांतीच्या नावाखाली एकत्र आलेले काही जण फितुरीच्या संशयावरून आपल्यातल्याच एकाला मारतात, अशी गोष्ट.

काउंटरमागचे गृहस्थ साठीचे, नांदेडकडचे. मुखपृष्ठ पाहून म्हणाले, "ताई, त्याला मारतात ते प्रकरण आलं का?"

"आता तेच आहे. तुम्ही वाचलीय?"

"तिथपर्यंत. पुढं वाचवेना."

गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी सांगितलं. कॉलेजात त्यांचाही पाच जणांचा गट होता. भिंती रंगवायचे, पत्रकं वाटायचे. एक मित्र गट सोडून गेला, पाठोपाठ पोलीस आले, आणि खबर त्यानंच दिली असं म्होरक्यानं ठरवून टाकलं. त्याला गावाबाहेरच्या विहिरीवर आणायचं काम यांच्याकडे आलं.

"घरी गेलो तर जेवत होता. म्हणलं, चल. एसटी स्टँडवर नेलं, मिळेल त्या गाडीत बसवलं. मग मलाही गावात राहता येईना."

"खबर त्यानंच दिली होती?"

"विचारलं नाही. पुढं परभणीला मास्तर झाला, अजून दिवाळीला फोन करतो. तरी नाही विचारलं."

"का?"

"हो म्हणला असता तर? मग काय करायचं ते ठरवावं लागलं असतं."

मी बँकेत जोखमीचे अहवाल लिहिते. सगळी माहिती हातात आल्याशिवाय सही करत नाही. आणि हा माणूस विशीत, तिकडे तिघं विहिरीवर वाट पाहत असताना, काही न विचारता मित्राला बसमध्ये बसवून आला होता. मला त्यांच्याकडे नीट पाहवेना.

"वाचून दाखवता?" त्यांनी विचारलं.

मी ते प्रकरण मोठ्यानं वाचलं. ते उभ्यानं ऐकत होते, दोन्ही हात काउंटरच्या काचेवर.

"कुणीच अडवलं नाही?"

"एक जण आधीच निघून गेला."

"त्याला सावध न करता?"

"हो."

ते पहिल्यांदाच स्टुलावर बसले. गाडी झाली म्हणून मेकॅनिक सांगायला आला, तर त्याला हातानंच थांबवून मला म्हणाले, "पुढचं वाचा."