बांधाची खांड

निघालो त्या सकाळी आमच्या खारजमिनीच्या बांधाला खांड पडली होती. उधाणाचे पाणी भातात घुसत होते आणि बाबा व धाकटा भाऊ सुहास कमरेइतक्या चिखलात उभे राहून ती बुजवत होते. मी बॅग ठेवून वाकलो, तोच बाबा ओरडले, "तू हो पुढं. कपडे खराब होतील." निरोप तेवढाच. विमानात बसलो तेव्हा माझ्या मनात कतार नव्हते. बाबांच्या शेजारी उभ्या असलेल्या सुहासचा हेवा होता.

वनस्पतिशास्त्राच्या पदवीने मला इथेही खाऱ्या पाण्यातल्या तिवरांपाशी, खारफुटीपाशीच आणून सोडले. उत्तरेला अल खोरजवळ वर्ल्ड कपचे स्टेडियम उभे राहत होते. त्याच बाजूच्या किनाऱ्यावर आम्ही तिवरांची रोपे लावत होतो, गाळाने बुजलेल्या ओहळांची तोंडे मोकळी करत होतो. प्रत्येक रोपाला नंबर. जगले की मेले, याचा रिपोर्ट माझ्याकडे. मी चिखलात उतरू पाहिले की सुपरवायझर अदबीने म्हणे, "सर, आप ऊपर रुकिए, जूते खराब हो जाएँगे." मग मजुरांकडे वळून घाई करी, "यल्ला, यल्ला!"

बाबा गेल्यानंतर काही महिन्यांनी सुहासचा फोन आला. "दादा, शेती कधीच सुटली. बांध राखायला माणसं मिळत नाहीत. एक खांड आपणच पाडू या. खाडी आत आली की तिवर आपोआप रुजेल. सातबाऱ्यावर तुझंही नाव आहे, तू हो म्हण."

त्याचे म्हणणे शास्त्राला धरून होते; इथल्या मीटिंगमध्ये मी नेमके हेच मांडत असे. तरी म्हणालो, "बाबांचा बांध आहे. विचार करून सांगतो." तो विचार दोन वर्षे चालला. सुहास बांधाबाहेरचे फोटो पाठवी: चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या, चिंबोऱ्या, कुणी न लावता उगवलेली तिवरे, आणि चिखलाने माखलेले स्वतःचे पाय. इथल्या, अल अझीझियाच्या फ्लॅटमध्ये मी ते मोठे करून करून पाही आणि उत्तर देत नसे. बांधाचे प्रेम हे निमित्त होते. बाबांनी त्याच्या हाती बांध दिला, माझ्या हाती बॅग. आता खाडीही त्याचीच होणार, हे मला सोसवत नव्हते. पन्नाशी उलटल्यावर प्रथमच काही लिहायला बसलो, तर कागदावर आधी हेच उतरले. वाचून ओशाळलो आणि त्याला फोन लावला.

"हो म्हणतो. पण पहिली कुदळ माझी."

सुहास हसला. "ये की साहेब! पण जुने कपडे घालून ये. चिखलातच उभा करणार आहे तुला."

मी कपाट उघडले. इस्त्रीचे शर्ट ओळीने लटकत होते. त्यांत जुना म्हणावा असा एकही नव्हता. बायकोला विचारले.

"इथे कुठले जुने?" ती म्हणाली. "ते सगळे घरी, ट्रंकेत."