गोमाजीची चक्री आणि चंद्राची पाठ

देवळीच्या जत्रेत चार घोड्यांची लाकडी चक्री दिसली, की समजायचं गोमाजी आत्राम आत आहे. आत म्हणजे अगदी आत. मधल्या खांबाला पाठ टेकून तो उभा राहतो आणि समोर येईल तो दांडा हातानं पुढं ढकलतो. ऐन जवानीत तो तिथं शिरला, तो अजून बाहेर आलेला नाही. जेवायला निघतो तेवढाच, पण तेव्हा चक्री थांबलेली असते.

यंदा मात्र त्यानं ठरवलं होतं, बास. पलीकडं हवा भरलेला रबरी किल्ला आला होता आणि त्यावर पोरं उड्या मारत किंचाळत होती. गोमाजीची गिऱ्हाईकं मुकी. चढायची, बसायची आणि त्याच्याकडं डोक्याची मागची बाजू करून फेऱ्या खायची.

"पोरायले कंटाळा येते वं," तो बायकोला, सुंदराला म्हणाला. "मायबापाच्या धाकानं बसतेत आपली." भंगारवाल्या अंकुशला त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी यायला सांगून ठेवलं होतं. लोखंड अंकुशचं, घोडे चुलीचे.

सुंदरानं पदरानं एका घोड्याची धूळ पुसली. दरसाल जत्रेआधी घोडे तीच रंगवायची, पण फक्त बाहेरच्या अंगानं. आतून कोण पाहणार, असं ती गोमाजीच्या तोंडावर म्हणायची, आणि गोमाजीलाही त्यात काही वावगं वाटत नसे.

दिवेलागणीला पुनवेचा चंद्र बाभळीमागून वर आला. वर्ध्याच्या कॉलेजात सायन्स शिकणारी त्यांची लेक चंचल जत्रेसाठी घरी आली होती. गोमाजी वर पाहत म्हणाला, "लहानपणापासून तोच ससा. हा गडी कधी पाठ दाखवत नाई. स्वतःभोवती फिरतच नसन."

"फिरते ना बाबा. आपल्याभोवती एक चक्कर मारते, तेवढ्यात स्वतःभोवतीही बरोबर एकदाच फिरते. म्हणून आपल्याले एकच बाजू दिसते. तुमच्या घोड्यावानी."

"घोड्याले मी खिळे ठोकले हायेत! तो कुठं फिरते स्वतःभोवती? कालेजात हेच शिकवून राह्यले का?"

"तुमी मधात उभे राह्यता म्हणून तसं वाटते. बाहेर येऊन पाहा."

"अन् चक्री कोण ढकलन? तुहा चंद्र?"

"मी ढकलतो," सुंदरा पदर खोचून आत शिरली. "निघा बाहेर."

चार पोरं बसली. गोमाजी बाहेर उभा राहिला. हातांचं काय करावं ते न कळून त्यानं ते पाठीमागं बांधले. चक्री हलली. घोडा तोंड दाखवत आला, मग रंगीत पोट, मग शेपूट. पलीकडं गेला तेव्हा ती जुनी, ओळखीची, विटकी बाजू दिसली. पुन्हा तोंड.

"फिरला की लेकाचा!" गोमाजी पुटपुटला.

पण मग तो घोडे पाहायचं विसरलाच. बल्बांच्या उजेडात आणि उडालेल्या धुळीत घोड्यांचे पाय जमिनीवर आहेत असं काही वाटेना. लाल रिबिनीची एक पोरगी गर्दीत आपली आई शोधत होती. सापडली, की समोरच्या दोन पडलेल्या दातांची फट दाखवून हात हलवायची. पुढच्या फेरीला आई पुन्हा हरवायची, पुन्हा सापडायची, आणि आनंद तेवढाच. मागच्या घोड्यावरचा पोरगा तर राजाच झाला होता, सगळ्या जत्रेला सलाम करत चालला होता. इतकी वर्षं हे सगळं बाहेर चाललं होतं, आणि त्याच्या वाट्याला फक्त माना.

त्यानं चंद्राकडं पाहिलं. "तू कोणाले हात दाखवून राह्यला बे तिकडं?"

"अवो, दंड भरले माहे!" सुंदरा ओरडली. "अन् हे घोडे आतून किती भकास हायेत! तुमी हेच पाहत होते?"

"रंगवत तं तूच नव्हती!"

त्यानं खिशातून फोन काढला. "अंकुश, सकाळी येजो. पण गाडी नको आणजो. रंगाचे उरलेसुरले डबे असतीन तं आणजो... नाई, चक्री नाई मोडत आता."

मग तो परत आत गेला, खांबाला पाठ लावली. रिबिनीवालीनं हट्ट करून दुसरी चक्कर मिळवली होती. तिची मान बाहेर वळली. गोमाजीला रिबिनीची गाठ तेवढी दिसली. ती थरथरत होती.

"हसून राह्यली," तो दांड्याला म्हणाला, आणि त्यानं तो पुढं ढकलला.