बोटीचा खेळ

शिवाजी पार्कात रविवारी सकाळी एक बाई मुलांना ढोलकीच्या तालावर खेळ शिकवत. रंगानं काळ्याभोर, केस दाट कुरळे. मुलीला घेऊन पहिल्यांदा गेलो तेव्हा मी इंग्रजीत विचारलं, कुठल्या देशाच्या?

"मुरूडची हो मी," त्या हसल्या. "आमचे पूर्वज आफ्रिकेतून आणले होते. विकायला."

मी गोंधळलोच. तेवढ्यात त्यांनी मुलांना गुडघे पोटाशी घेऊन दाटीवाटीनं बसवलं. ही बोट. ढोलकी वाजतेय तोवर हलायचं नाही, नुसतं गुणगुणायचं. ती थांबली की प्रत्येकानं आपलं नाव ओरडायचं.

"अशा बोटीतून विकायला आणलेल्या माणसांची नावं मालकांनी बदलून टाकली होती," त्यांनी मुलांना सांगितलं. माझी मुलगी मात्र खिदळत होती.

खेळ संपल्यावर मी म्हणालो, "एवढं दुःखाचं, आणि मुलं हसतायत?"

ढोलकीची दोरी ओढत त्या म्हणाल्या, "आमच्या घरात हे गाण्यातूनच आलं. नुसतं रडणं असतं, तर कुणी सांभाळलं असतं?"

पटलं की नाही, मला कळेना. फाटकापाशी मुलीनं विचारलं, "बाबा, त्या बोटीतल्या माणसांची खरी नावं काय होती?"

मला माहीत नव्हतं. ती धावत बाईंकडे गेली आणि हळूहळू चालत परत आली.

"त्यांनाही माहीत नाही. मग आता कुणाला विचारायचं?"